पोटाची सायकल आणि हौसेची सायकल



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय येऊन जातात. त्यांत सायकल कोणती घ्यावी हा विषय पाहून काही जणांना नवल वाटले असेल. परंतु सकाळी सात वाजता ह्या विष्णुपुरीच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा शिपाई, शासकीय रुग्णालयात सफाईचे काम करणारा कंत्राटी कामगार, श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेच्या खानावळीतला आचारी, बांधकामावरचा गवंडी, असे अनेक जण कौठा, असर्जन, सिडको-हडको ह्या बाजूंनी सायकलीवरून येताना दिसतील. ज्या वस्तूच्या आधारावर इतक्या घरांची चूल पेटते, ती वस्तू एका संध्याकाळच्या विचाराला पात्र आहे असे आम्हांस वाटते.

सायकल आता मागे पडली, असे पुष्कळ जण म्हणतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या १०० कुटुंबांपैकी जवळजवळ ४५ कुटुंबांकडे सायकल होती आणि स्कूटर अथवा मोटारसायकल २१ कुटुंबांकडे होती. त्यानंतर मोटारसायकली पुष्कळ वाढल्या, हे कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो. परंतु त्यांतल्या किती फेडलेल्या आहेत आणि किती हप्त्यावर आहेत, हे कामगारवस्तीत फिरणाऱ्याला ठाऊक असते. रोज १० किलोमीटर जाणे आणि १० किलोमीटर येणे, महिन्याचे २६ दिवस, हा हिशेब ५२० किलोमीटरचा होतो. लिटरला ५० किलोमीटर जाणारी गाडी धरली तरी महिन्याला १० लिटरांहून अधिक पेट्रोल लागते. कंत्राटी मजुराच्या पगारात ह्या १० लिटरांना आणि वर हप्त्याला जागा कोठून काढायची? म्हणून ज्याला शक्य आहे तो पुन्हा सायकलीकडे वळतो. दुसऱ्या बाजूने, वैद्यांनी चालायला-फिरायला सांगितलेले मध्यमवर्गीय गृहस्थही सायकलीच्या दुकानात शिरतात. पहिल्याला पोटासाठी सायकल हवी असते आणि दुसऱ्याला हौसेसाठी. दुकानदार दोघांना दोन निराळ्या सायकली दाखवतो. आमचे म्हणणे असे की नीट निवडली तर एकच सायकल दोन्ही कामे करते आणि तीच अधिक दिवस टिकते.

निवड चुकली तर हौसेच्या सायकलीचे फारसे बिघडत नाही. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला उपयोगी पडते. पोटाच्या सायकलीचे तसे नाही. फाटकावरची हजेरी अर्ध्या तासाने चुकली की अर्धा रोज गेला, असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. त्या कामगाराच्या दृष्टीने बोथट ब्रेक, सैल आरा आणि फुसका टायर ह्यांची किंमत मजुरीत मोजली जाते. म्हणून आम्ही निवडीची कसोटी तीन शब्दांत सांगतो : रस्ता, ओझे आणि मिस्त्री. सायकल आपल्या रस्त्याला सोसेल काय? आपले ओझे वाहील काय? आणि बिघडली तर आपल्या कोपऱ्यावरचा मिस्त्री ती दुरुस्त करू शकेल काय?

काळ्या सायकलीचा वंश

आधी आपली नेहमीची काळी सायकल कोठून आली ते पाहू. दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली ह्याने १८८५ साली बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला आणि हाडे खिळखिळी करणारे वाहन माणसाच्या उपयोगाचे झाले. त्यातून इंग्रजी कारखान्यांनी उंच हँडलची, जाड नळ्यांची आणि मोठ्या चाकांची जी सायकल घडवली ती जगभर गेली. हॉलंडातली माणसे आजही जिच्यावर ताठ बसून कामाला जातात ती सायकल आणि आपली काळी सायकल एकाच घराण्यातल्या आहेत.

आपल्याकडे १९३९ साली मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासेत टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ साली अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ साली हीरो असे कारखाने उभे राहिले. १९८६ साली हीरोचे नाव जगातला सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेले. ह्या सर्वांनी काळी सायकल जवळजवळ एकाच मापाने बनवली. त्यामुळे एका कंपनीच्या सायकलीला दुसऱ्या कंपनीचे पायडल, तिसरीची साखळी आणि चौथीचे मडगार्ड बसते.

ह्याचा उपयोग कंपनी बंद पडते तेव्हा कळतो. २०२० साली जूनच्या ३ तारखेला, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवलेल्या जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्याच्या फाटकावर कामबंदीची नोटीस लागली आणि सकाळच्या पाळीला आलेले कामगार बाहेर उभे राहिले. त्या कामगारांचे दुःख आम्ही विसरू शकत नाही. परंतु ज्यांच्या घरी अ‍ॅटलसची काळी सायकल होती त्यांची सायकल थांबली नाही, कारण तिचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. ज्या सायकलीचे भाग फक्त तिच्याच कंपनीकडे मिळतात ती घेणाऱ्याने, कंपनीचे बरे चालो अशी प्रार्थना रोज करावी. मिस्त्रीची कसोटी आम्ही ह्यासाठी सांगितली.

सांगाडा आणि माप

आता दुकानात चलू. प्रथम रंग आणि चित्रे पाहू नयेत, सांगाडा पाहावा. नळ्या जेथे एकमेकींना मिळतात ते सांधे सायकलीचे मर्मस्थान होत. हँडलखालचा सांधा आणि पायडलाजवळचा सांधा बोट फिरवून पाहावा. जोड भरीव व सलग असावा, भेग अथवा भोक नसावे. मग सायकलीच्या मागे चार पावलांवर उभे राहून एक डोळा मिटून पाहावे. पुढचे चाक आणि मागचे चाक एका रेषेत दिसले पाहिजे. नव्या सायकलीतही हा दोष असू शकतो, आणि तो असला तर ती सायकल जन्मभर एका बाजूला ओढते.

सांगाड्याची उंची बहुधा २०, २२ आणि २४ इंचांत मिळते. आपल्याकडे मोठी सायकल म्हणजे मानाची सायकल, अशी एक समजूत आहे. बुटका मनुष्य २४ इंची सायकलीवर टाचा उंचावून बसतो आणि गर्दीत पाय टेकता न आल्याने पडतो. दांडीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून उभे राहावे. दांडी आणि शरीर ह्यांत इंच-दोन इंच अंतर राहिले की माप बरोबर. साधारण साडेपाच फुटांच्या माणसाला २२ इंची सांगाडा जुळतो, त्याहून बुटक्यास २० इंची. एकाच सायकलीवर बाप आणि मुलगा दोघे पाळीपाळीने जाणार असतील तर लहान मापाची घ्यावी. सीट वर करता येते, दांडी खाली करता येत नाही.

सीटची उंचीही अशीच तपासावी. सीटवर बसून पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून सायकल चालवली की गुडघ्यात किंचित बाक राहतो. दहापैकी सात माणसे सीट खाली ठेवून चालवतात आणि गुडघे दुखतात म्हणून सायकलीला दोष देतात. ताठ बसून चालवायच्या सायकलीवर शरीराचा सर्व भार सीटवर येतो, तेव्हा ती रुंद आणि स्प्रिंगची असावी. पुढे वाकून बसणाऱ्या शर्यतवाल्याची अरुंद सीट आपल्या कामाची नव्हे.

चाक, आरे आणि काटे

काळ्या सायकलीचा टायर २८ इंच बाय दीड इंच ह्या मापाचा असतो. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि हिसका कमी देते. दीड इंची रुंदी आपल्या रस्त्याला पुरेशी आहे. जुन्या धाटणीच्या चांगल्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे असतात, कारण मागच्या चाकावर बसणाऱ्याचे आणि कॅरिअरचे ओझे पडते. ज्याला डबा, हत्यारांची पिशवी आणि संध्याकाळी बाजार न्यायचा आहे, त्याने मागचे आरे मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रत्येक आरा नखाने छेडावा, सर्वांचा आवाज सारखा आला पाहिजे. एखादा थबथब वाजला तर तो सैल आहे. चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवावी. रिम डोलताना दिसली तर मिस्त्रीकडून आउट काढून घ्यावा आणि मगच सायकल घरी न्यावी.

मापाबद्दल एक सावधगिरी सांगतो. बाजारात २६ इंची म्हणून दोन निराळे टायर मिळतात. एक २६ बाय एक पूर्णांक तीन अष्टमांश, आणि दुसरा २६ बाय १.७५, म्हणजे दशांश चिन्हाचा. दोन्हींवर २६ लिहिलेले असले तरी एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायर घ्यायला जाताना जुन्या टायरवरचा पूर्ण आकडा कागदावर लिहून न्यावा.

आपल्या भागातले दोन शत्रू ध्यानात ठेवावेत. पहिला वेड्या बाभळीचा काटा. काटा लागलेला टायर उघडला की नवे ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढावा, नाहीतर दहा पावलांवर तीच नळी पुन्हा बसते. दुसरा शत्रू काळी माती. मृगाच्या पावसानंतर शेतवाटेने जाणाऱ्या सायकलीचे टायर आणि मडगार्ड ह्यांत चिखल असा गच्च बसतो की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ज्याची वाट कच्ची आहे त्याने टायर आणि मडगार्ड ह्यांत बोटभर तरी मोकळी जागा आहे की नाही हे पाहावे. मडगार्डच नसलेली सायकल मात्र घेऊ नये. ती दुकानात तडफदार दिसते आणि पावसाळ्यात पाठीवर चिखलाचा पट्टा काढते.

दात्यांचे गणित

गिअर हा शब्द ऐकला की गिऱ्हाईक भुलते, म्हणून त्याचे साधे गणित समजून घेऊ. पायडलाजवळच्या मोठ्या चक्राचे दाते ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलचे १८ आहेत असे समजा. पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २ मीटर २३ सेंटिमीटर. गुणाकार केला की एका फेऱ्याला सुमारे ५ मीटर ४५ सेंटिमीटर वाट सरते. मिनिटाला ४५ फेरे मारणारा सामान्य मनुष्य तासाला १५ किलोमीटरच्या जवळ जातो. म्हणजे नांदेड शहरातून विष्णुपुरीचे आठ-दहा किलोमीटर तीस-चाळीस मिनिटांत होतात. सपाट रस्त्याला ह्याहून अधिक काही लागत नाही.

पण समोरचा वारा, पुलाचा चढ आणि कॅरिअरवर २० किलो ज्वारी असेल तर हेच पायडल जड जाते. त्यासाठी नवी सायकल घ्यायची गरज नाही. १८ दात्यांच्या जागी २० दात्यांचे फ्रीव्हील बसवावे. पायाला लागणारा जोर दहावा हिस्सा कमी होतो आणि वेगही तेवढाच घटतो. हा बदल कोपऱ्यावरचा मिस्त्री थोडक्या वेळात आणि थोडक्या पैशांत करून देतो. वाढत्या वयाच्या माणसांनी तर तो अवश्य करून घ्यावा.

मग अनेक गिअरांची सायकल कोणी घ्यावी? ज्याला घाटरस्त्याने जायचे आहे, अथवा सुट्टीत कंधारचा किल्ला पाहून संध्याकाळी परत यायचे आहे, त्याने जरूर घ्यावी. तिच्यात मागच्या बाजूला सहा-सात दातेचक्रे पुष्कळ झाली, आणि पुढचा चिमटा साधा, भरीव असावा. परंतु आज दुकानाच्या दारात जी टांगलेली असते ती निराळी. तिच्या पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, कधी मधल्या सांगाड्यातही स्प्रिंग, जाडजूड टायर, चकतीचे ब्रेक आणि अंगभर इंग्रजी अक्षरे असतात. स्वस्त सायकलीतली ही स्प्रिंग वजन वाढवते, पायडल दाबताना पायाचा जोर खाते आणि दोन पावसाळ्यांत गंजून अडकते. ह्या सायकलीला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि साखळीवरचे झाकण बहुधा नसते. डोंगरात चालवायच्या महागड्या सायकलीचे हे सोंग आहे. तिचे गुण ह्या किमतीत येत नाहीत, फक्त रूप येते.

अवघड रस्त्यासाठी जगात काय चालते, ह्याचेही एक उदाहरण आहे. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली वाटण्याच्या कामातून २००५ साली वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था निघाली. पुढे तिने आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी बफेलो नावाची सायकल मुद्दाम तयार केली. ती पोलादी, जड आणि एकाच गिअरची, आणि तिचे कॅरिअर १०० किलो वाहणारे. अनेक वर्षांनंतर त्यांनी दोन गिअरांचा नमुना काढला, पण दणकटपणाचे मूळ सूत्र सोडले नाही. शाळकरी मुले आणि दूध वाहणारे शेतकरी ह्यांचा विचार करून घडवलेली सायकल आपल्या काळ्या सायकलीच्या जवळ जाते, ह्यावरून आपल्या दूधवाल्याची अक्कल किती पक्की आहे ते दिसते.

ब्रेक, दिवा आणि बायकांची सायकल

काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक वर्षानुवर्षे टिकतात. त्यांत तार नसल्याने ती तुटण्याची भीती नाही. परंतु पोलादी रिम पाण्याने ओली झाली की रबर घसरते आणि सायकल थांबायला बरेच अधिक अंतर घेते. पावसात ब्रेक आधी हलका दाबून रिम पुसून घ्यावी आणि मग जोर द्यावा. ज्याला रोज वाहनांच्या गर्दीतून जायचे आहे त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या रिमचा आणि तारेच्या ब्रेकचा विचार करावा, कारण ओल्या रस्त्यावर ती जोडी अधिक चांगली धरते. पुढचा ब्रेक लावला की मनुष्य उलटतो, ह्या भीतीने पुष्कळ जण तो काढून टाकतात. हे फार धोक्याचे आहे. थांबताना भार पुढच्या चाकावर जातो आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकदम आणि बेताने लावावेत.

रात्रपाळीहून परतणाऱ्याने मागे लाल दिवा किंवा निदान लाल चकाकती पट्टी लावलीच पाहिजे. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेत, बिल्ला देत आणि बिनदिव्याच्या स्वाराला पोलीस अडवत. तो कर गेला आणि बिल्लाही गेला, पण त्याबरोबर दिवाही गेला, हे बरे झाले नाही. लातूर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी रात्रभर धावतात. त्यांच्या चालकाला काळ्या रात्री काळी सायकल दिसत नाही.

बायकांच्या सायकलीविषयी दोन शब्द. खाली वाकलेल्या दांडीचा सांगाडा, साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, ह्या तीन गोष्टी तेथे शोभेच्या नव्हेत, जिवाच्या आहेत. पदर किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघात साध्या जाळीने टळतात. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात आणि मराठवाड्यातल्या पुष्कळ मुलींची शाळा त्यामुळे सुटली नाही. आमची पालकांना विनंती एवढीच की, सायकल घरी आल्यावर पाना घेऊन बसावे आणि मुलीलाही साखळी चढवायला व हवा भरायला शिकवावे. रस्त्यात अडलेल्या मुलीला दुसऱ्याच्या दयेवर सोडू नये.

निगा आणि जुनी सायकल

नवी सायकल खोक्यातून सुटी येते आणि दुकानात घाईने जोडली जाते. म्हणून पंधरा दिवस चालवल्यावर तिचे सर्व नट, आरे आणि क्रँकची कॉटर पिन पुन्हा आवळून घ्यावी. हे न केल्याने क्रँक डुलू लागतो आणि मग नवी पिनही टिकत नाही. आठवड्याला हवा भरावी. हवा कमी असलेला टायर जड चालतो आणि खड्ड्यात रिम व टायर ह्यांच्या कात्रीत सापडून नळी दोन ठिकाणी फाटते. मिस्त्रीच्या टपरीत मिळणारी वॉल्व्हची बारीक रबरी नळी खिशात असावी, कारण ‘पंक्चर’ म्हणून आलेल्या कित्येक सायकलींचा रोग एवढाच असतो.

साखळी किती झिजली हे अंदाजाने सांगू नये, मोजावे. साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ इंच एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच, ह्याहून अधिक भरल्या तर साखळी बदलावी. नाहीतर ती दोन्ही दातेचक्रे खाते आणि थोडक्याचा खर्च पुष्कळावर जातो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चाकांतले आणि हँडलमधले छर्रे धुऊन नवे ग्रीस भरून घ्यावे.

जुनी सायकल घेण्यात कमीपणा नाही. चांगल्या सांगाड्याची जुनी काळी सायकल ही हलक्या सांगाड्याच्या नव्या सायकलीहून बरी. फक्त तीन ठिकाणे पाहावीत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी, हँडलखाली खडखड झाली तर तेथील वाट्या गेल्या. क्रँक धरून आडवा हलवावा, तो डुलला तर आतला आस गेला. ह्या दोन्ही गोष्टी बदलता येतात. परंतु चिमट्याला किंवा हँडलखालच्या नळीला सुरकुती, बाक अथवा रंगाचे पोपडे दिसले तर समजावे की सायकल कोठेतरी आपटली आहे, आणि ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. नव्या सायकलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावती मागून तो फरक दुकानदाराने दिला की नाही हेही पाहावे.

फेरफटका हाही हक्कच

हौसेच्या फेरफटक्याला काही जण चैन समजतात. आम्ही तसे मानत नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून मुंबईतल्या गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. ती सुट्टी फक्त झोप काढण्यासाठी नव्हती. आठवडाभर जी सायकल हजेरीसाठी धावली तिच्या कॅरिअरवर रविवारी मुलाला बसवून काळेश्वराच्या देवळाकडे जावे, गोदावरीचे अडवलेले पाणी पाहावे, हिवाळ्यात आलेले पक्षी पाहावेत. उन्हाळ्यात हा फेरा सकाळी आठाच्या आत उरकावा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी, कारण येथले वैशाखातले ऊन कोणाची भीड ठेवत नाही. मुलाचे पाय चाकात जाऊ नयेत म्हणून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या आणि जाळी लावून घ्यावी. ह्यासाठी दुसरी सायकल लागत नाही.

आता संघटित माणसाच्या नजरेतून शेवटची गोष्ट. दणकट सायकल निवडणे हे एकट्याचे काम झाले, पण ती टिकवणे हे एकट्याच्या हातचे नाही. एका कारखान्यात आम्ही असे पाहिले की अधिकाऱ्यांच्या मोटारींवर पत्र्याचे छप्पर होते आणि कामगारांच्या सायकली कुंपणाशी उन्हात रांगेने उभ्या होत्या. आठ तासांचे ऊन खाल्लेल्या टायरला वर्षभरात भेगा पडतात आणि सीटचे कातडे फाटते, म्हणजे त्या छपराचे पैसे कामगार आपल्या खिशातून देतच असतो. सायकलींवर छप्पर आणि एक हवेचा पंप, ही मागणी मागणीपत्रकात घालायला लाजू नये. २०१७ साली केंद्र सरकारने टपाल आणि रेल्वे खात्यांतला सायकल भत्ता चालू ठेवला आणि तो महिना ९० रुपयांवरून १८० रुपये केला. रक्कम लहान असली तरी सायकल हे कामाचे साधन आहे हे तत्त्व तिने मान्य केले. तसेच, घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती ह्यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातलाच अपघात धरावा, अशी दुरुस्ती कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद ठेवली आहे. पुष्कळ सायकलस्वार कामगारांना हे ठाऊक नसते. अपघात झाला तर तो त्याच दिवशी मालकाच्या कार्यालयात लेखी कळवावा आणि पोहोच घ्यावी.

तेव्हा दुकानात जाताना एक टेप, एक चिठ्ठी आणि शक्य तर ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. चिठ्ठीवर आपली उंची, रोजचे अंतर आणि रोजचे ओझे लिहावे. सायकल ह्या तीन आकड्यांना उतरली तर रंग कोणताही चालेल.